दुकानात चालतं, घरात नाही

या कॉम्प्युटरला एकदा समुद्रात नेऊन बुडवते, असं मी त्या आठवड्यात रोज म्हणत होते. सत्त्याण्णव साल होतं. अंधेरीच्या ज्या ऑफिसात मी टायपिंग करायचे, तिथून भंगारात निघालेलं हे धूड माझ्या नवऱ्याने, रॉबर्टने, टेम्पोत घालून पालीला, आमच्या समुद्रकाठच्या कोळीवाड्यात आणलं होतं. आमची लेक केली दोन वर्षांची होती आणि माझी बिनपगारी रजा संपत आली होती. भाईंदरच्या एका वकिलाने सांगितलं होतं, सोमवारपर्यंत एवढे कागद टाइप करून फ्लॉपीवर आणून द्या. पसंत पडलं तर घरबसल्या कायमचं काम देतो. म्हणजे केलीला टाकून रोज अंधेरी गाठायला नको. मला एवढंच हवं होतं. आणि हे मशीन मध्येच डोळे मिटत होतं.

बरं, जाताना सांगून जाईल तर शपथ! पान रेटत शेवटाला न्यावं, सेव्ह करायला हात पुढे करावा, की खट्. काळा पडदा. परत चालू केलं की वर मलाच बोल लावणार: तुम्ही मशीन नीट बंद केलं नव्हतं. मी बंद केलं? मी? कीबोर्ड उचलून आपटावासा वाटायचा.

पेणकरपाड्याहून दुरुस्तीवाला रवी आला. त्याने पेटी उघडली, आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडची हवा खारी आहे ना, आतमध्ये गंज पकडतोय."

माझी सासू दारात मासळीला मीठ लावत बसली होती. तिने मान वर केली. "खाऱ्या हवेनं आमची हाडां न्हाय गंजली, नि याचा पत्रा गंजला?"

रवी गेला आणि खट्. मग मशीन गोधडीत गुंडाळून रॉबर्टच्या स्कूटरवरून रवीच्या दुकानात नेलं. तिथे दुपारभर चाललं बेटं! रवी त्यावर पत्ते खेळत बसला होता. "एकदम फर्स्ट क्लास चालतोय, मॅडम. तुम्हीच घरी काहीतरी चुकीचं दाबत असणार." मी दात आवळून घरी आले. घरी खट्. स्वयंपाकघरातल्या प्लगला लावून पाहिलं, तिथेही खट्. लाइट जाते म्हणावं, तर डोक्यावर पंखा फिरतोय.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर मी मशीन चालू केलं आणि हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले. एकही बटण दाबायचं नाही. बघू कसं बंद पडतंय ते. थोड्या वेळाने मागे डीप फ्रीझर घर्र करून सुरू झाला, ट्यूब क्षणभर मंदावली, आणि खट्.

फ्रीझर सुरू होताना वीज ओढायचा आणि ती ट्यूब वर्षानुवर्षं तशीच मंदावायची. आमच्यात कोणी मान वर करून बघतसुद्धा नव्हतं. घरची मासळी त्या फ्रीझरमध्ये, शेजाऱ्यांचा बर्फ त्यातच. त्याला बटण असतं आणि ते बंद करता येतं, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मी घरातली प्रत्येक वायर तपासली होती, त्याची सोडून.

"हाच! हाच मेला!" मी ओरडले. रॉबर्ट धावत आला. "माझं टायपिंग होईपर्यंत हा बंद कर."

"डोका फिरला काय तुजा? आत पापलेटं हायत. सकाळी बाजार हाय."

"मग सकाळी मी अंधेरीला जाते. केलीला तू होडीवर घेऊन जा!" बोलता बोलता मला रडू फुटलं. दुःखाने नाही, रागाने.

सासू हात पुसत आत आली. "किती वेल लागंल?"

"दिवेलागणीपर्यंत."

तिने सरळ प्लग खेचला. "झाकण उघडला न्हाय तं मासली टिकते. तुजा काम टिकत न्हाय." आणि केलीला कडेवर घेऊन ती फ्रीझरच्या झाकणावरच चढून बसली.

बर्फ मागायला आलेल्या शेजारणीला तिने दारातूनच परत पाठवलं. रॉबर्ट दारूच्या ग्लासात बर्फ घ्यायला आला, त्याला म्हणाली, "आज तशीच पी."

मी टाइप करत सुटले. पानामागून पान शेवटाला पोचलं. सगळं फ्लॉपीवर घेतलं. आता आनंद व्हावा की नाही? पण माझं डोकं पुन्हा तापलं.

"आय, आजचं भागलं. वकिलाने काम दिलं तर पुढे काय? रोज बसणार का तुम्ही अशा?"

केली तिच्या मांडीवर झोपली होती. सासू तिला थोपटत राहिली.

"तू अंधेरीला गेलीस तरी पोर माज्याच मांडीवर. घरात ऱ्हायलीस तरी माज्याच मांडीवर. मंग हितं बसाया माजा काय जातंय? हितं निदान तू दिसतेस तिला."