औषध नाही की औषध नको?

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी माणसं शिरतच होती. व्यासपीठावर मखमली खुर्चीत फुंकरबाबा बसले होते आणि त्यांच्या मांडीवर एक गुटगुटीत बाळ माइक चाटत होतं. या बाळाच्या पोटात कर्करोगाची गाठ होती आणि बाबांनी ती एका फुंकरीत घालवली, असं निवेदक घसा फुटेस्तोवर सांगत होता.

"विज्ञानाचा श्वास जिथे संपतो," बाबा म्हणाले, "तिथे माझा सुरू होतो." श्वास आमचाही सुरूच होता, पण त्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण बसली होती, मांडीवर तिची चार वर्षांची मुलगी. पोरीच्या डोक्यावर केस नाहीत, अंगात त्राण नाही. तिच्याही पोटात त्याच रोगाची गाठ. बाबांची अट एकच होती: आधी औषधं बंद करायची, नाहीतर फुंकर लागू पडत नाही. सोय झकास होती. पोर वाचलं तर फुंकरीमुळे, गेलं तर अंगात उरलेल्या औषधामुळे. धाकटीने उद्याची केमो चुकवायची ठरवलं होतं.

तिच्या पलीकडे आमच्या वहिनी. याच रोगावर संशोधन करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. बाळ आईच्या पोटात असताना मज्जातंतूंच्या पेशी मोठ्या व्हायला हव्यात. काही कच्च्याच राहतात आणि वाढत सुटतात. त्या कच्च्या का राहतात, हा वहिनींचा प्रश्न. दादा कुरकुरायचा, "या घरात पेशींची जेवढी विचारपूस होते, तेवढी माझी होत नाही."

"रागावू नका वहिनी," धाकटी सकाळीच म्हणाली होती, "पण तुम्ही जन्मभर उंदरांना सुया टोचल्यात. बाबांनी बाळ बरं करून दाखवलं." वहिनींना ते लागलं होतं. तरीही त्या आमच्याबरोबर आल्या.

बाळाची आजी डोळे पुसत माइकपाशी आली. "डॉक्टरांनी हात टेकले होते हो. औषध नाही म्हणाले."

वहिनी उभ्या राहिल्या. "आजी, औषध नाही म्हणाले, की औषध नको म्हणाले?"

आजी गोंधळल्या. बाळाची आई सरळ होती बिचारी. ती म्हणाली, "नको म्हणाले. आत्ता नको, अधूनमधून सोनोग्राफी करू, लक्ष ठेवू."

"का नको, ते सांगितलं?"

"गाठ आपोआप विरेल, असं काहीतरी म्हणाले. पण कॅन्सर कधी आपोआप जातो का? आम्हाला वाटलं, समजूत घालतायत."

"हा जातो," वहिनी म्हणाल्या. "अगदी तान्ह्या बाळांमध्ये, तोही काही जणांचाच. कच्च्या पेशी उशिरा का होईना मोठ्या होतात, नाहीतर मरून जातात. कोणाची गाठ जाईल, ते तपासण्या करून ठरवावं लागतं. आमच्या अभ्यासात अशी कितीतरी बाळं आहेत. आम्ही त्यांना काहीच केलं नाही. फुंकरसुद्धा घातली नाही."

सभागृहात खसखस पिकली.

"हा ज्ञानाचा अहंकार आहे," बाबा म्हणाले. "इथे श्रद्धा लागते."

तेवढ्यात धाकटी उठली. "बाबा, माझी श्रद्धा आहे. फक्त एवढं सांगा, माझ्या मुलीएवढं, चालतं-बोलतं एखादं मूल तुम्ही बरं केलंय? मला त्याला बघायचंय."

बाबांनी निवेदकाकडे बघितलं, निवेदकाने छताकडे. शेवटी बाबा म्हणाले, "मोठ्या मुलांचे भोग वेगळे असतात, बेटा."

"मग माझ्या मुलीचं औषध कशाला बंद करायला सांगितलंत?"

बाबांनी बाळ त्याच्या आईच्या हातात दिलं आणि पाणी मागवलं.

बाहेर पायऱ्यांवर धाकटीने विचारलं, "वहिनी, हिची जाईल का हो आपोआप?"

"नाही गं. या वयात नाही जात. का जात नाही, तेच तर शोधतेय मी." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते सापडेपर्यंत हिला औषध हवंच."

दुसऱ्या दिवशी केमो झाली. पुढच्याही झाल्या. गाठ आकसतेय. पूर्ण जाईल का, असं धाकटी दर वेळी विचारते आणि वहिनी दर वेळी सांगतात, "अजून माहीत नाही." पोर आजारी असताना हे ऐकायला फार जड जातं, आणि फुंकरीचा धंदा त्यावरच चालतो. म्हणून सांगतो, कोणी एक बरं झालेलं बाळ दाखवलं, तर न झालेली कुठे आहेत ते विचारा. फुंकर चहावर घाला. पोराचं औषध चुकवू नका.