डावा खाणीतच राहिला

मित्रांनो, मी एक जुना फिन आहे, आणि तोही उजव्या पायाचा. फिन म्हणजे पाण्याखाली पोहणारे पायात घालतात तो बदकाच्या पायासारखा पसरट, रबरी जोडा. जोडा म्हटला की त्यात दोघं असतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझा डावा सोबती मात्र अक्कलकोट रस्त्यापासून आत असलेल्या एका बंद दगडखाणीत, तीस फूट पाण्याखाली, गाळात पडला आहे. त्याची आठवण आल्याशिवाय माझा एकही दिवस जात नाही. आमची ताटातूट कशी झाली तेच आज तुम्हाला सांगणार आहे. ऐकताना तुम्हाला आमच्या मालकिणीचा राग येईल. मलाही आला होता. पण पूर्ण ऐका.

एका मोठ्या कारखान्यात काळं रबर साच्यात ओतून आम्हा दोघांना घडवलं. गरम साच्यातून बाहेर पडताच आमच्या टाचेवर आकडा उमटला, ‘आठ-नऊ’. म्हणजे आठ किंवा नऊ नंबरची चप्पल ज्याला लागते, त्याच्यासाठी आम्ही. आमच्या जातीला मागे बंद नसतो, पट्टा नसतो. पाय घट्ट बसला तरच आम्ही पायाचे, नाहीतर पाण्याचे. आणि आम्ही तरंगत नाही, सुटलो की थेट तळ गाठतो. हे सगळं खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद आजवर कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही.

समुद्र बघायला मिळेल या आशेवर आम्ही निघालो आणि पोहोचलो सोलापुरात! गुरुशांत नावाच्या दुकानदाराच्या खेळाच्या सामानात, कॅरमबोर्ड आणि बॅटींच्या मधे, आम्ही दोन वर्षं धूळ खात बसलो. मागवणारं गिऱ्हाईक फिरकलंच नव्हतं. शेजारी पाच नंबरची एक निळी जोडी होती, तीही आमच्यासारखीच अडकलेली. बाहेर नळाला पाणी कधी येणार यावर बायकांची चर्चा चालायची आणि आम्ही आत समुद्राच्या गप्पा मारायचो. हसू नका. आशा कुणाला सुटली आहे?

एका रविवारी जोतीराम नावाचे गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. माणूस मूळचा मंगळवेढ्याकडचा, आता चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. मुलगी ऋतुजा, एकोणीस वर्षांची. मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून ती पोहायला शिकली होती, आणि आता एका बचाव पथकाच्या पाणबुड्यांच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती. हवेची टाकी, नळी, जाकीट सगळं पथक देणार होतं. फिन तेवढे ज्याचे त्याने आणायचे होते, कारण पाय ज्याचा त्याचा.

“ताई, हा निळा घालून बघा,” गुरुशांत म्हणाला.

ऋतुजाने घातला. बोटं आत मोकळी हलत होती, टाच मात्र जागची हलत नव्हती. तिचा चेहरा खुलला. मी मनातून निळ्याचा निरोप घेतला.

तेवढ्यात जोतीरामांनी मला उचललं. अंगठ्याने दाबलं, वाकवलं, मग चप्पल काढून स्वतःचाच पाय माझ्यात सरकवला. “लई मऊ हाय की हे! हेच बांधा.”

“अहो, पोरीला तीन नंबर मोठं होतंय.”

“असू द्या. शाळंचे बूटबी आमी असंच घेत आलोय. फुडं बोळा भरला की बसतंय.”

“एकोणीस वर्षांच्या पोरीचा पाय आता वाढणार हाय व्हय?”

“तिचा न्हाय वाढला तर तिच्या भावाचा वाढंल की! अजिंक्यलाबी होतील फुडं.” जोतीराम आपल्याच बोलण्यावर खूश होऊन हसले.

मित्रांनो, तुमच्याही घरी असंच घेतात ना? गणवेश दोन बोटं लांब, स्वेटर मांडीपर्यंत, बूट पुढच्या वर्षीच्या मापाचे. त्यात माया असते, हे मी नाकारत नाही. पण शाळेचा बूट सुटला तर मुलं हसतात. पाण्याखाली हसायला कुणी नसतं.

ऋतुजाला हे कळत होतं. ती निळ्याकडे एकदा बघून म्हणाली, “चालतंय, आप्पा.” तिचं कारण मला नंतर घरी समजलं. पोरीच्या जातीला पाण्यात बुड्या मारायचं काय नडलंय, असं सगळी भावकी बोलत असताना एकटे जोतीराम तिच्या पाठीशी उभे राहिले होते. त्यांनी हौसेने हातात धरलेली वस्तू ‘नको’ म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

घरी आल्यावर जोतीरामांनी कारखान्यातून आणलेल्या टॉवेलच्या चिंध्यांचे दोन बोळे करून आमच्या पोटात कोंबले. टाचेवरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा ओढून दिला. ऋतुजाची आई विजयमाला म्हणाली, “बया, किती घट्ट बसलं!” खरंच बसलं होतं. कोरड्यात सगळंच बसतं.

प्रशिक्षण देणाऱ्या बाई होत्या हेमावती, मैंदर्गीच्या. बोलताना मधेच कानडी यायचं आणि नजर अशी की खोटं बोलणाऱ्याची पापणी खाली जावी. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन नियम सांगितले.

“एक, माप खरं सांगायचं. टाच सैल असेल तर सैल म्हणायचं, लाजायचं नाही. दोन, गढूळ पाण्यात जोडीदाराशी बांधणारी दोरी हातातून सोडायची नाही. काही झालं तरी. हौदू?”

“हौदू!” सगळे ओरडले. म्हणजे ‘होय’.

मग त्यांनी काठावरच प्रत्येकाला पाय हलवायला लावले. ऋतुजासमोर थांबून विचारलं, “कसं बसतंय?”

“बरोबर बसतंय, बाई.”

मी तेव्हा ओरडू शकलो असतो तर! माझ्या पोटात बोळा होता आणि तिच्या तोंडात खोटं होतं. दोन्ही बाहेरून दिसत नव्हती.

पहिले आठ दिवस उथळ टाकीत सराव झाला. टॉवेलच तो. पाणी प्यायला की जड व्हायचा आणि पुढे सरकून गोळा व्हायचा. मग मी तिच्या टाचेवर घासायचो. तिच्या दोन्ही टाचा सोलून निघाल्या. घरी ती पाय ओढणीआड घेऊन बसायची. मला फार अपराधी वाटायचं. ज्या पायाला जोर द्यायचा, त्यालाच मी सोलत होतो.

तिची जोडीदार होती अक्षता, हेमावतीबाईंच्याच गावची. तिची आई नागव्वा मैंदर्गीच्या बाजारात भाजी विकायची. अक्षता पोहायची छान, पण घाबरट म्हणून सगळे तिला चिडवायचे. पाण्यात उतरण्याआधी ती रोज ऋतुजाला विचारायची, “दोरी धरशील न्हवं?” आणि ऋतुजा रोज म्हणायची, “मेले तरी सोडणार न्हाय.”

नवव्या दिवशी आम्ही खाणीत उतरलो. वरचं पाणी हिरवं होतं, दहा फुटांखाली तपकिरी, आणि त्याखाली आपलाच हात दिसेना. दोघी दोरी धरून कड्याकडेने खाली चालल्या होत्या. डाव्याचा बोळा सुटून आला. मग ट्यूबचा पट्टा टाचेवरून घसरला. मला शेजारून एक हिसका जाणवला आणि माझा सोबती गेला.

एका फिनवर वर येता येतं, मित्रांनो. अवघड नव्हतं. बाईंनी शिकवलंही होतं, की वस्तू गेली तर जाऊ द्यायची. पण ऋतुजाच्या घरात वस्तू जाऊ देत नाहीत. तिथे फुटकी बादली झाडाला लावतात आणि तुटक्या छत्रीचं कापड ठेवतात. आप्पांनी हौसेने आणलेला फिन! त्या क्षणी तिच्या मनात एवढंच आलं. तिने दोरी सोडली आणि माझ्या जोरावर एक रेटा मारून ती डाव्याच्या मागे खाली गेली.

हो, मीच तिला खाली नेलं. आमचं कामच ते, पाय मारेल तिकडे नेणं.

गाळात तिने दोन्ही हातांनी चाचपलं. डावा सापडला नाही. वर परतताना कड्याला अडकलेली दोरी तिच्या हाताला लागली, पण दुसऱ्या टोकाला अक्षता नव्हती.

अंधारात हातातली ओढ अचानक सैल झाल्यावर अक्षताने काय केलं असेल? जे तुम्ही-मी केलं असतं तेच. घाबरून, श्वास कोंडून ती सरळ वर सुटली. खोल पाण्यातून असं झपाट्याने वर आलं की दाब बदलून कानाचा पडदा फाटू शकतो. आम्ही काठाला लागलो तेव्हा ती दगडावर आडवी होती, तिच्या डाव्या कानातून रक्त येत होतं आणि हेमावतीबाई तिला हाका मारत होत्या.

तिला सोलापुरात दवाखान्यात ठेवलं. जीव वाचला. पण काठावर बोलणं सुरू झालं होतं. “दोरी अक्षतानंच सोडली असणार. पयल्यापासनं भित्रीच ती.” ऋतुजाला कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. घरी तिने मला कोपऱ्यात टाकलं. चार दिवस बोळा माझ्या पोटात तसाच ओला राहून कुबट झाला. ती जेवत नव्हती. रोज माझ्याकडे बघायची आणि मान फिरवायची. मला तिचा राग आला तो तेव्हा. फिन गमावला म्हणून नव्हे. दुसरी पोर दवाखान्यात पडलेली असताना तिच्या नावावर आपली चूक जाऊ देत होती म्हणून.

पाचव्या दिवशी हेमावतीबाईंनी दोन्ही घरच्यांना खाणीवर बोलावलं. जोतीराम कारखान्यातून परस्पर आले, ऋतुजा मला पिशवीत घालून घरून आली. नागव्वा एकटीच आली होती. तिने लेकीचं जाकीट आणि मास्क स्वच्छ धुऊन, घड्या घालून पिशवीतून आणले होते. पिशवी बाईंच्या पायाशी ठेवून ती हात जोडून उभी राहिली.

“बाई, डाक्टर म्हनले, तिचा डावा कान गेला. आता पाण्यात उतरायचं न्हाय. हे तुमचं सामान. पोरगी माजी भित्री हाय, तिला कायबी आठवत न्हाय, दोरी तिनंच सोडली असंल. तुमाला तरास झाला, ह्या पोरीलाबी झाला. पदर पसरते, माफ करा.”

आणि ती ऋतुजाकडे वळून तिच्यापुढेही वाकायला लागली.

ऋतुजाने तिचे हात धरले. “न्हाय, मावशी! न्हाय!” ती एवढंच ओरडली. मग खाली बसून तिने मला आपल्या पिशवीतून बाहेर काढलं, माझ्या पोटात हात घातला आणि तो कुबट बोळा सगळ्यांसमोर ओढून काढला. “दोरी म्या सोडली. हा बोळा होता आत. फिन सैल होता. म्या खोटं बोलले. फिन निसटला, तर दोरी सोडून त्याच्या मागं गेले. अक्षतानं काय बी केलं न्हाय.”

नागव्वाने त्या बोळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “रबरासाठी सोडलीस व्हय, माज्या लेकीला?” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

जोतीरामांनी बोळा उचलला. आपल्याच कारखान्याच्या टॉवेलची निळी किनार त्यांनी ओळखली. त्यांनी चप्पल काढली आणि पाय माझ्यात घातला. दुकानात घातला होता तसाच. बोटं मोकळी, टाच घट्ट, काडीएवढी फट नाही.

“हे तर माज्या मापाचं हाय,” ते म्हणाले. “लेकीला म्हणून गेलो, आन् माजंच माप घेऊन आलो. मला तर पवायबी येत न्हाय.” आणि एवढा मोठा माणूस सगळ्यांदेखत रडायला लागला.

हेमावतीबाई शेवटी बोलल्या. “मीही कोरड्यात माप बघितलं. भिजवून बघायला पाहिजे होतं. चूक माझीही आहे.” ऋतुजाला त्यांनी वर्षभर पथकाबाहेर ठेवलं. ते योग्यच होतं.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मी खाणीकाठच्या पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. माझं रबर तडकायला लागलं आहे, उन्हाळ्यात पत्रा तापला की अंग भाजतं. पण मी निकामी झालेलो नाही. पाण्यात न उतरणारी अक्षता आता नव्या मुलांचे फिन तपासते. आधी ती त्यांच्यातल्या सगळ्यात लहान पायात मला घालते, पाय बादलीत बुडवायला लावते आणि झाडायला सांगते. मी धप्पकन खाली पडतो. “हे सैल,” ती म्हणते. “ध्यानात ठेवा. आता तुमचा घाला.”

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. कुणी प्रेमाने काही आणलं आणि ते बसत नसेल, तर तसं सांगा. देणाऱ्याला घटकाभर वाईट वाटेल. नंतर वाटतं ते घटकाभराचं नसतं, हे मला जोतीरामांच्या तोंडावर दिसलं. आणि आमच्यासारखी वस्तू हातची गेली तर जाऊ द्या. आमच्यासाठी माणसाची दोरी सोडू नका.

ऋतुजा पथकात परत आली आहे. तिचे फिन निळे आहेत, पाच नंबरचे, जोतीरामांनीच आणून दिलेले. प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याआधी ती इतरांसारखीच रांगेत उभी राहते, बादलीत पाय भिजवते आणि अक्षतासमोर झाडून दाखवते.

“कसं बसतंय?” अक्षता विचारते.

इतर सगळे समोरूनच उत्तर देतात. ऋतुजा तेवढी अक्षताच्या उजव्या बाजूला जाते आणि त्या कानाशी सांगते.