वेळेच्या आधी

सहाला बारा मिनिटं कमी होती, म्हणून तो जिन्यात बसला. डबा पायरीवर ठेवला आणि बोटांना लागलेलं वार्निश नखाने खरवडू लागला. वरच्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन उतरत होत्या. त्यांना वाट द्यायला तो भिंतीकडे सरकला.

"स्वतःच्याच घराबाहेर पाहुण्यासारखे बसलात?"

"लवकर आलो आज."

"मग आत जा की. घर काय चावतंय?"

तो हसल्यासारखं करून पुन्हा वार्निश खरवडू लागला. काकू गेल्या.

त्याने उशिरा आलेलं मुलीला चालत नसे, आणि लवकर आलेलंही. मागे एकदा तो पाऊण तास आधी आला, तेव्हा ती दारातच म्हणाली होती, "मी जिवंत आहे का ते बघायला आलास?" त्यानंतर दोन दिवस तिने अन्नाला हात लावला नव्हता. चिठ्ठीत लिहिलेली वेळ म्हणजे वेळ.

चिठ्ठीची रीत बायकोने सुरू केली होती. मुलगी एकोणीस वर्षांची असताना डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन. लोक आपल्याला सोडून जातील या भीतीनेच ती त्यांना आधी ढकलून देते, असं काहीसं ते म्हणाले. त्याच्या बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि याला आमच्याकडे लाड म्हणतात असं सांगितलं. बायको वाद घालत बसली नाही. घराबाहेर पडताना ती दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी लावू लागली. बाजारात जातेय, पाचला येते. आणि पाचला यायची. "जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं मुलगी ओरडलेली असली तरी पाचला यायची.

बायकोची शेवटची चिठ्ठी अजून तिथेच होती. तपासणीला जातेय, गुरुवारी संध्याकाळी येते. त्या गुरुवारला आठ महिने झाले होते. मुलगी ती काढू देत नसे. तो आपली चिठ्ठी तिच्या खाली लावायचा.

तो पंपांच्या जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून देई. वेढे मोजावे लागत, आणि मोजणी चुकली की सगळी तार उलगडावी लागे. मुलीचे फोन दिवसातून वीस वेळा येत. पूर्वी ते बायको घ्यायची. आता मोजता मोजता तोच घ्यायचा. तुझी प्रत्येक मोटर दोनदा जन्माला येते, असं दुकानातला जोडीदार म्हणायचा. आज एकही फोन आला नव्हता. म्हणून तर काम लवकर संपलं होतं.

सकाळी ती काहीतरी सांगत होती आणि तो ताटात बघत नुसतं "हं" म्हणाला. तिचं ताट भिंतीवर गेलं. मग निघताना तिने त्याचा शर्ट मुठीत धरून ठेवला. त्याला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. बायको गेल्यापासून त्याला फारसं काही वाटतच नव्हतं. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि चिठ्ठी लिहिली. सहाला येतो.

बहिणीने आणून दिलेला अर्ज कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली होता. लांबच्या गावातलं केंद्र, वर्षभर राहायचं, महिन्यातून एकदा भेट. त्याची सही लागणार होती आणि मुलीचीही. मुलीची मिळवायचं बहिणीने आपल्या अंगावर घेतलं होतं. उद्या सकाळी ती गाडी घेऊन येणार होती. आज सही करून टाकायची, असं त्याने ठरवलं होतं. मुलीला सांगायचं कसं, तेवढंच ठरत नव्हतं.

सहा वाजता त्याने बेल वाजवली. दोनदा. मग किल्ली लावली.

घरात कुणी नव्हतं. त्याने न्हाणीघर पाहिलं. सुऱ्यांचा खण ओढून पाहिला, तो बंदच होता, त्याची किल्ली याच्याच खिशात होती. सकाळची भिंत कुणीतरी पुसली होती. त्याने मुलीला फोन लावला, तर तो तिच्या खोलीत वाजला.

मग त्याचं लक्ष दाराकडे गेलं. बायकोच्या चिठ्ठीखाली मोठा कागद चिकटवला होता. त्यावर मुलीचं अक्षर होतं. बाहेर जातेय. साडेसातला येते.

मागून छापील अक्षरं दिसत होती. त्याने कागद सोडवून उलटा केला. तो अर्जच होता. सहीच्या दोन जागांपैकी एकीवर तिने सही केली होती, शाळेच्या वहीवर करायची तशी, पूर्ण नावाची. दुसरी जागा रिकामी होती.

त्याने कागद होता तसा परत लावला आणि खुर्ची ओढून दारासमोर बसला. बहिणीचा फोन आला, तो त्याने वाजू दिला. सव्वासातला तो वेढे मोजावेत तसे आकडे मोजू लागला. दोनदा चुकला, दोनदा पहिल्यापासून धरलं. त्या गुरुवारी मुलगी याच खुर्चीत बसली होती. दार उघडून तो एकटाच आत आला होता.

साडेसातला तीन मिनिटं कमी असताना जिन्यात पावलं वाजली. दाराखालच्या फटीत दोन पायांची सावली येऊन थांबली. बेल वाजली नाही.

तो उठला. त्याने कडीला हात लावला. पलीकडे ती नाक ओढत होती, अगदी हळू.

त्याने हात मागे घेतला. अजून तीन मिनिटं होती. तो दाराला टेकून उभा राहिला आणि तिने बेल वाजवायची वाट बघू लागला.