खटक्यापाशी दुर्गाबाई

खुशालरावाला बांधावरून येताना पाहिलं आणि दुर्गाबाईने हातातला विळा खाली ठेवलाच नाही. बैलासाठी ती शेताच्या कडेचं, धुऱ्यावरचं गवत कापत होती. त्या साली पाऊस ऐन भरात पाठ फिरवून गेला होता. विहिरीने नवरात्र बसायच्या आधीच तळ दाखवला, वांग्याची पानं पिवळी पडून गळली. आणि अशा दिवसांत हा माणूस! सात वर्षांत या शेताकडे फिरकला नव्हता. बाजारात समोर आला तर तोंड फिरवून दुसऱ्या दुकानात शिरायचा. तो आज आपल्या पायांनी येतो म्हणजे काहीतरी शिजतंय, हे कळायला तिला ज्योतिषी लागत नव्हता.

"वयनी, भाऊ हायेत का?"

"काहून? काय काम हाय?"

"दिवानजीनं धाडलं मले. जिनातला वायरमन लढाईवर गेला निघून. नवमी आली तोंडावर अन उंदरानं साऱ्या तारा कुरतडून ठेवल्या. भाऊले म्हना, चाला."

"अन दुसरं कोनी भेटलं नाई तुमाले?"

"भेटलं असतं त तुमच्या दारी आलो असतो का मी?"

बोलताना त्याने उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवला होता. दुर्गाबाईची नजर तिथेच होती. त्या हाताला दोन बोटं नव्हती.

ती हकिकत बार्शीटाकळीच्या आसपासचं शेंबडं पोरही सांगेल. गावाबाहेरच्या कापसाच्या जिनात दुर्गाबाईचा नवरा गोवर्धन आणि खुशालराव दोघं मिळून विजेचं काम करायचे. एक शिडीवर, एक खाली खटक्यापाशी. वीज बनवणारं जिनाचं इंजिन फिरतंच असायचं, म्हणून दिव्यांच्या तारेला हात लावायच्या आधी खटका पाडून वीज तोडायची आणि वरचा माणूस उतरेपर्यंत खालच्याने तिथून हलायचं नाही, अशी रीत. सात वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला खुशालराव वर होता, गोवर्धन खाली. यंत्रांच्या पूजेची गर्दी उसळली, नारळ फुटले, आणि कोणीतरी खटका वर केला. खुशालराव शिडीवरून खाली आला तो बोटं गमावूनच. गर्दीत कोणी पाहिलं नाही, कोणी कबूल झालं नाही. मग नाव कोणाचं येणार? खटक्यापाशी होता त्याचं. गोवर्धन म्हणाला, "म्या नाई लावला." पण खाली मान घालून म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून जिनाची वाट सोडून वांगी लावायला लागला. खुशालरावही तारेपासून कायमचा दूर झाला. तो इंजिनाला तेल घालायचा आणि शिडी दिसली की वळसा घेऊन जायचा.

रात्री जेवताना गोवर्धन म्हणाला, "मी जातो."

दुर्गाबाईने भाकरी थापता थापता हात थांबवला. "तुमाले काही समजते का? ज्याचे बोटं गेले थो मानूस खाली उभा राहीन अन तुमी वर्ते शिडीवर!"

"तसा नाई थो."

"सात वर्सं तोंड पाह्यलं नाई अन आता भाऊ भाऊ करत येते. मले नाई पटत बापा."

"वांगे गेले, दुर्गे. मले दुसरं येते काय? तार पाह्यली का अजून हात वळवळते माया." हे मात्र त्याने मान वर करून सांगितलं. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या डोळ्यांत असं काही तिने पाहिलं नव्हतं. तिला बरंही वाटलं आणि धास्तीही वाटली.

"जा मंग," ती म्हणाली. "पन खटक्यापाशी मी बसीन."

"लोकं हासतीन."

"हासू द्या. हासून मानूस मरत नाई."

आणि खरोखरच नवमीच्या सकाळी दुर्गाबाई जिनात हजर झाली. इंजिनघराच्या भिंतीवर लाकडी पाटी, पाटीवर पितळी खटका. गोवर्धनने तो खाली पाडला. तिने झेंडूची टोपली बाजूला ठेवली, खटक्याखाली फतकल मारली आणि विळा मांडीवर घेतला. सरकी उचलणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून खिदळल्या. एकीने विचारलं, "काय वो, करंट कापून नेता का घरी?"  दुर्गाबाईचं सारं लक्ष खुशालरावावर होतं. त्याने तेलाची बुधली उचलली, तिने पाहिलं. तो पाणी प्यायला गेला, तिने पाहिलं. तो भिंतीकडे दोन पावलं आला, तसा विळा मांडीवरून हातात आला.

"तठीच राहा."

"खटका बराबर पडला का नाई, थे पाहतो फकस्त."

"पडला. दुरून दिसते तेवढं."

खुशालरावाचं तोंड एवढंसं झालं. "वयनी, मी तुमच्या मालकाले मारीन असं वाटते का तुमाले?"

"वाटते," दुर्गाबाई म्हणाली. तो जागच्या जागी थांबला आणि परत गेला.

गोवर्धन वर कुरतडलेली तार कापून नवी जोडत होता. इतक्यात जिनाचा कारभार पाहणारे महादेवराव दिवाणजी पूजेचं ताट घेऊन आले. सोवळं, कपाळाला गंध, तोंडात मंत्र, मागे प्रसादाच्या आशेने आलेली माणसं. दुर्गाबाईला त्यांच्याविषयी शंका यायचं कारणच नव्हतं. तिने अदबीने अंग चोरून जागा दिली. दिवाणजींनी यंत्रांना हळदकुंकू वाहिलं, मग पाटीला वाहिलं, खटक्याला बोट लावलं, डोळे मिटले आणि तोच खटका मुठीत धरला.

दुर्गाबाई उडालीच. तिने सोवळ्यातल्या त्या माणसाचं मनगट दोन्ही हातांनी आवळलं आणि किंचाळली, "सोडा! वर मानूस हाय!"

"अवो, हात काय धरता माया!" दिवाणजी संतापले. "सोवळं मोडलं न! दिवा लागल्याबगर आरती होते का कुठं? दरसाली मीच लावतो खटका."

खुशालराव दारातून पुढे आला. "दरसाली?"

"मंग? मुहूर्ताले..."  दिवाणजींची नजर खुशालरावाच्या हातावर गेली, आणि ताटातलं कुंकू त्यांच्या सोवळ्यावर सांडलं. इतकी वर्षं त्यांनी हा विचार मनाच्या उंबऱ्याशीही येऊ दिला नसावा. ते माणसांमधून वाट काढत निघून गेले. कोणी त्यांना अडवलं नाही. शेटच्या दिवाणजीला अडवणार कोण?

गोवर्धन शिडीवरून उतरला. घामाने न्हाला होता. सात वर्षांचं ओझं उतरल्यासारखा तो एकदम म्हणाला, "पाह्यलं न खुशाल? म्या नव्हता लावला!"

"पाह्यलं," खुशालराव म्हणाला. "हात त्यायचा होता. पन जागा तुई होती. तू कुठं होता रे?"

गोवर्धन पुटपुटला. "परसाद वाटत होते... म्हनलं, घेऊन येतो."

दुर्गाबाईला हे आज पहिल्यांदा कळत होतं. नवऱ्याचा तिला भयंकर राग आला, आणि ज्याच्यावर सकाळपासून विळा रोखून बसली त्याच्याकडे पाहायची लाज वाटली.

खुशालरावाने लपवलेला हात सोग्यातून बाहेर काढला. मग त्याने वरच्या तारेकडे पाहिलं.

"तिकडल्या भिंतीचं काम बाकी हाय," तो म्हणाला. "उद्या मी चढतो. तीन बोटानं तार पिळता येते का पाहतो. वयनी, तुमी येसान का बसाले? तुमीच या. भाऊले नका बसवू."

गोवर्धनने मान खाली घातली. दुर्गाबाईने विळा उचलून झेंडूच्या टोपलीत ठेवला.

"येईन," गोवर्धनकडे बोट दाखवत ती म्हणाली. "पन यायलेबी संगं बसवीन. अन तुमी उतरल्याबगर उठू देनार नाई."