पुसू नका

माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. बायको पाहुण्यांना सांगते, "यांच्यासमोर फार वेळ बसू नका, पुसून काढतील." सांगू दे बापडी.

आमच्या सात वर्षांच्या लेकीला, भिंगरीला, दमा. सकाळ-संध्याकाळ पंप, आणि पंपाला जोडायची ती प्लास्टिकची पारदर्शक नळी. नळीत औषध सोडायचं आणि तिने ते सावकाश ओढून घ्यायचं. नळीच्या स्वच्छतेचं काम मात्र मी कुणालाच करू दिलं नाही. रोज धुऊन, दुकानातल्या मऊ फडक्याने पुसून लख्ख करायचो.

तरी पोरीचा खोकला हटेना. दोन जिने चढायला तीनदा थांबायची. खेळाच्या तासाला बाकावर. एक वाक्य बोलायचं तर मध्ये दोनदा दम खायची. "पुढच्या भेटीपर्यंत फरक पडला नाही, तर औषध वाढवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. मी शाळेला, हवेला, शेजाऱ्यांच्या रंगकामाला, सगळ्यांना शिव्या घालून घेतल्या.

पुढच्या भेटीला दवाखान्यातल्या सिस्टरनी भिंगरीला त्यांच्यासमोर औषध घ्यायला लावलं. चूक सापडेना. मग त्यांनी नळी उजेडात धरली.

"एवढी चकाचक कोण ठेवतं?"

"मी," मी छाती फुगवून म्हणालो, आणि खिशातलं फडकंही दाखवलं.

"पुसू नका, भाऊ. प्लास्टिक घासलं की त्यावर वीज साठते आणि औषध नळीलाच आतून चिकटतं, पोरीच्या छातीपर्यंत पोचतच नाही. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवा आणि आपोआप वाळू द्या."

तोंडात मारल्यासारखं झालं. कोरडी भिंगं घासू नका, धूळ उलट जास्त चिकटते, हे वीस वर्षं गिऱ्हाइकांना मीच ऐकवतोय! पोरीचं औषध मीच अडवून धरलं होतं. माझे डोळे भरून आले.

"अहो, निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक होतच नाही," सिस्टर म्हणाल्या. त्या एका वाक्याचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

तेव्हापासून नळी खिडकीत वाळते, अंगभर पाण्याचे डाग घेऊन. पहिला आठवडा बायकोने घरातली फडकी लपवून ठेवली होती.

दोन महिन्यांनी सिस्टर दुकानात आल्या. चष्म्याची काडी सैल झाली होती. मी स्क्रू आवळत होतो, तेवढ्यात शाळेतून भिंगरी पळतच आत शिरली.

"बाबा मी शर्यतीत चौथी आले आणि तिसरी आली ती माझ्याहून केवढी उंच आहे आणि बाईंनी मला आज बाकावर बसूच दिलं नाही!"

सगळं एका दमात. मध्ये कुठे थांबली नाही.

"सिस्टर, तुमच्यामुळे..." एवढंच बोललो. मान खाली घालून त्यांचा चष्मा पुसत राहिलो, पुसतच राहिलो.

"बस झालं, भाऊ," त्या म्हणाल्या. "नंबर पुसला जाईल."