सीलबंद दुकानातल्या फ्रिजची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. उंची माणसाएवढी, रंग एकेकाळी पांढरा, स्वभाव संशयी. दार लावल्यावर आतला दिवा विझतो का, असं मुलं मला विचारतात. विझतो. पण दार लावल्यावर बाहेरचा दिवा विझतो का, याचं खात्रीलायक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. म्हणून मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही.

कारखान्यात एका माणसाने माझं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं आणि 'पास' अशी चिठ्ठी चिकटवली. मी कशात पास झालो, हे त्याने सांगितलं नाही. मग एका फुलवाल्याने मला विकत घेतलं. दुधाच्या जागी गुलाब आणि अंड्यांच्या जागी शेवंतीच्या कळ्या ठेवल्या. तो माझ्या पाठीवर थाप मारून मुलीला म्हणायचा, "बयो, हा आहे म्हणून कालची फुलं आज ताजी म्हणून विकता येतात." हे कौतुक होतं की कबुली, ते मला नीट कळलं नाही. तरी बरं वाटायचं.

एका दुपारी गुच्छ बांधता बांधता फुलवाला गेला. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वारस एकच, मुलगी. पण नियम असा की वारसा कचेरीने आधी मयताच्या वस्तूंची यादी करायची, मग वारसाला दाखला द्यायचा, मग दुकानाचं सील काढायचं. तोवर मला 'सुरक्षित ताब्यात' म्हणून कचेरीत नेलं. त्या दिवसापासून 'सुरक्षित' या शब्दाची मी धास्ती घेतली आहे.

"बंद ठेवला तर बिघडेल," असं म्हणून शिपायाने मला चालू केलं. उन्हाळा होता. आधी कुणाची तरी पाण्याची बाटली आली. मग लिंबं. मग डबे. दार उघडणारा प्रत्येक जण आधी मागे वळून बघायचा आणि मग दुसऱ्याच्या डब्यातलं खायचा.

यादीचं काम साहेबांकडे होतं. साहेब भारी काटेकोर. त्यांनी माझं दार उघडून लिहिलं, 'आतील ऐवज : टोमॅटो चार, दही एक वाडगं.' सही करण्याआधी नियमाप्रमाणे फेरतपासणी झाली. तेव्हा टोमॅटो दोन, दही गायब आणि वर एक पपई. यादी जुळेना. साहेबांनी ती नव्याने सुरू केली. पुढच्या तपासणीला पपई नव्हती. हळूहळू साहेबांना मयताचाच संशय येऊ लागला.

मुलगी सारखी खेपा घालायची.

"साहेब, दाखला?"

"अहो ताई, तुमच्या वडिलांचा ऐवज एका जागी स्थिर तर राहू दे."

"वडील जाऊन दोन वर्षं झाली, साहेब. त्यांनी आणखी किती स्थिर राहायचं?"

साहेबांनी हे वाक्यही फायलीत नोंदवून घेतलं.

तिकडे दुकानाच्या घरमालकाने तिला सांगून टाकलं, "हे बघ बेटा, महिनाअखेर दुकान उघडलं नाहीस, तर मोबाइलवाल्याला देणार. मलाही पोट आहे."

शेवटी ती वरच्या कोर्टात गेली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की दाखला द्यायचा की नाही हे कचेरीने एकदाचं ठरवावं. कचेरीने उत्तर दिलं, की विलंब झालेलाच नाही, काळजीपूर्वक काम चालू आहे. न्यायमूर्तीबाईंनी चष्मा पुसला आणि आदेश दिला, "फ्रिज हजर करा."

हमालांनी मला जिन्याने वर नेलं. माझ्याबरोबर आत काय काय हजर होतंय, हे बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. कोर्टाच्या कारकुनाने दार उघडून एक डबा बाहेर काढला.

"यात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"भाजी. मयताची," साहेब म्हणाले. "आजच्या यादीत आहे."

कारकुनाने वास घेतला. "ताजी आहे, मॅडम. आज सकाळची."

"मयताने आज सकाळी भाजी केली?"

साहेबांनी यादी उलटून बघितली. "नाही. माझ्या बायकोने."

"तुमच्या पत्नी मयताच्या वारस आहेत का?"

"याची चौकशी करावी लागेल," साहेब सवयीने म्हणाले.

निकाल त्याच दुपारी लागला. निर्णय न घेता माणसाला ताटकळत ठेवणं, हासुद्धा अन्यायच आहे, असं बाईंनी सांगितलं. दाखला आठवड्याच्या आत द्यायचा, सील काढायचं आणि मला लगेच मुलीच्या हवाली करायचं.

महिना संपायच्या आदल्या दिवशी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून कोण यावं? साहेब. मी कॉम्प्रेसर रोखून धरला.

"एक गुच्छ हवा होता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "भाजीचा विषय भर कोर्टात निघाला, तेव्हापासून घरी अबोला आहे."

एवढं बोलून ते स्टुलावर बसले आणि वाट बघण्याची तयारी म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. मुलीने माझं दार उघडलं, फुलं काढली, दोरा गुंडाळला आणि गुच्छ त्यांच्यापुढे धरला.

"लगेच?" साहेबांनी विचारलं.

"लगेच."

त्यांनी गुच्छ उलटसुलट करून बघितला. "कुठे सही वगैरे?"

"नको, साहेब. घेऊन जा."

ते दारापर्यंत गेले, थांबले, आणि कुणी परत बोलावतंय का ते बघत उभे राहिले.

मित्रांनो, माझ्यातला बर्फ वेळच्या वेळी काढा, एवढंच मागणं मागणार होतो. पण आणखी एक सांगतो. सांभाळायला घेतलेली वस्तू फार दिवस जवळ राहिली की आपलीच वाटू लागते. तसं वाटायच्या आत ती देऊन टाका. जिची आहे, ती दुकान उघडायला खोळंबलेली असते.