ती? ती घरीच असते!

"पुढे बघ गं, हँडलकडे नको!" माझी सीट धरून मागून धावणाऱ्या, माझ्या मालकिणीच्या दादाचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मित्रांनो, मी तीच लेडीज सायकल. आता म्हातारी झाले. रंग उडाला, पायडलची रबरं झिजली. लग्न होऊन ती या घरी आली, तिच्या मागोमाग मीही आले, आणि जिन्याखालचा कोपरा माझा झाला.

कौतुक नव्या नवरीसारखं चार दिवस झालं. मग मालकांची मोटरसायकल आली आणि मी 'ते भंगार' झाले. पण भंगाराला कधी उसंत असते का? दुधाला मी, धाकटीच्या शाळेला मी, भाजीला मी, सासूबाईंच्या औषधाला मी. ओढ्यावरच्या अरुंद पुलावरून आम्ही दोघी जातो, येतो, पुन्हा जातो. मोठ्या रस्त्याला ट्रक अंगावर येतात. आम्हाला त्या पुलाचाच काय तो आधार.

परवा नगरपालिकेच्या एक ताई आल्या. कोण रोज कशाने, कुठून जातं, ते घरोघरी विचारून वहीत लिहून घेत होत्या. "वापर नसेल तर जुना पूल पाडायचा आहे," म्हणाल्या.

मालक खुर्चीत ऐसपैस बसले. "मी ना? मी सायकलनेच कामावर जातो, मोठ्या रस्त्याने. तेवढाच व्यायाम!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! या गृहस्थांचा हात मला लागतो, तो फक्त मोटरसायकल काढताना मला बाजूला ढकलण्यापुरता!

"आणि वहिनी?"

"ती? ती कुठे जाणार? घरीच असते."

घरीच? मग माझे टायर काय जिन्याखाली उभ्या उभ्या झिजले? शाळा काय दारात चालत येते?

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, साबणाच्या हातांनी. पाहुण्यांसमोरही हेच वाक्य ऐकून ती अशीच गप्प राहायची. मित्रांनो, आम्हाला तेल घाला, हवा भरा. पण कोणी विचारलं तर आमच्याबद्दल खरं तरी बोला! तुमची थाप सहज सुटते, आणि आमच्या पायाखालचा रस्ता जातो.

"म्हणजे पुलावरून या घरचं कोणी जात नाही," ताई उठत म्हणाल्या.

आतून सासूबाई कडाडल्या, "मग माझी औषधं काय उडत येतात रे?"

"आई, तू थांब गं," मालक हसले.

तेव्हा तिने फडक्याला हात पुसले.

"ताई, खोडा ते. हे मोटरसायकलने जातात. सायकल माझी आहे. पुलावरून रोज मी जाते. पूल पाडलात तर पोरीला त्या ट्रकांमधून नेऊ? इतकी वर्षं चारचौघांत बोलले नाही, आज बोलते. असते मी घरी, पण एवढं सगळं फिरून आल्यावर!"